लगामाचे तीन वेढे

सोमवार, ९ ऑक्टोबर १९६१
सॉरेल क्रीक, युटा

तेवीस वर्षांनी पुन्हा याच लाल डोंगरांच्या पायथ्याशी आले. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि टाइपरायटर बडवायला आले होते. आता एकोणपन्नासची आहे आणि चष्म्याशिवाय डोंगरही दिसत नाहीत.

चित्रपट तोच आहे, म्हणजे गोष्ट तीच. तेव्हा घोडदळाची गंभीर कथा होती. शेवटी जखमी शिपायांनी भरलेली गाडी उतारावरून सुटायची आणि थिएटरात रुमाल बाहेर निघायचे. आता तिचाच विनोदी अवतार काढताहेत. जखमींच्या जागी बिअरची पिंपं आणि शिपायांच्या जागी लास वेगासचे पाच लाडके. हे पाचजण रात्री हॉटेलात गातात, एकमेकांची टर उडवतात, आणि अख्खा देश त्यांच्यावर फिदा आहे. त्यांचा म्होरक्या रेनी कॅस्टेल, गायक. त्याचा जोडीदार सॉल पिंकर्ट, बडबड्या. उरलेल्या तिघांची नावं सारा देश जाणतो, इथे शाई घालवत नाही.

माझं काम लक्षात ठेवण्याचं. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या दिवशी चित्रित होतो. एका तुकड्यात टोपी डावीकडे कललेली असेल तर पुढच्या तुकड्यातही ती डावीकडेच हवी. ते सगळं मी वहीत टिपते. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही तुकडा न जुळता सुटलेला नाही, आणि ही फुशारकी मी फक्त इथेच मारते.

दिग्दर्शक हार्लन व्हॉइटने हातात हात घेतला तोच ताकीद देत. "व्हर्ना, कॅस्टेल एकच टेक देतो. दुसरा मागायचा नाही. मागच्या चित्रपटात तुझ्या जागी जी होती तिने मागितला, संध्याकाळच्या बसने घरी गेली."

अकरा महिन्यांनी मिळालेलं काम आहे. मान डोलावली.

बुधवार, ११ ऑक्टोबर

पाचजण दुपारी एकला विमानातून उतरले. रात्री वेगासला कार्यक्रम, सकाळी झोप, दुपारी आमच्याकडे, आणि ऊन कललं की परत. त्यामुळे आमचा दिवस तीन तासांचा. बाकी वेळ आम्ही दीडशे माणसं आणि चाळीस घोडे त्यांची वाट बघतो.

कॅस्टेलने मला बघितलं, माझी वही बघितली, आणि म्हणाला, "ही कोण मास्तरीणबाई? आता आपल्याला अंगठे धरून उभं करणार." सगळे हसले. मीही हसले. पाचावर धारण बसली होती, पण हसले.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

इथल्याच एका शेतकऱ्याला, ऑरिन लेविटला, चार घोड्यांची गाडी हाकायला घेतलंय. दुरून दिसणाऱ्या दृश्यांत कॅस्टेलचे कपडे घालून तोच हाकणार. वय चोपन्न, बायको जाऊन सहा वर्षं झाली, बोलणं मोजकं. जुन्या चित्रपटात जखमींची गाडीही त्यानेच हाकली होती म्हणे. मला आठवत नाही. त्याला मात्र मी आठवते. निळा स्वेटर होता म्हणाला. होता खरा.

रोज सकाळी तो माझ्या खुर्चीपाशी कॉफीचा पेला आणून ठेवतो. त्याच्या पंथात कॉफी चालत नाही, तो स्वतः कधी शिवत नाही. मग हा उपद्व्याप कशाला? वहीत आपल्याबद्दल बरं लिहिलं जावं म्हणून असेल. गावातल्या माणसांना वाटतं माझी वही वर कुणीतरी वाचतं.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

आज दृश्य ८७. गाडी सुटण्याआधीचा कॅस्टेलचा जवळून शॉट. गाडी जागच्या जागी, चार माणसं मागून ती हलवताहेत, घोडे नाहीतच. लिहिलेलं एवढंच होतं की त्याने लगाम हातात घ्यावा आणि "चला" म्हणावं.

कॅस्टेलने लगामाचे पट्टे डाव्या हाताला गुंडाळले. एक, दोन, तीन वेढे, नवरदेवाने मुठीत फुलं घ्यावीत तशा ऐटीत. मग मोकळ्या उजव्या हाताने काडी ओढून सिगारेट शिलगावली, धूर सोडला, आणि म्हणाला, "आता घोड्यांनी काय ते बघावं." यातलं काही लिहिलेलं नव्हतं. हसून हसून कॅमेरामनच्या डोळ्यांत पाणी आलं. व्हॉइट ओरडला, "झालं! उत्तम!"

मी टिपलं: डावा हात, तीन वेढे, आतून बाहेर, पट्ट्याचं टोक अंगठ्याखाली.

लेविट कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. हसला नाही तो एकटाच.

शनिवार, १४ ऑक्टोबर

आज माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, ते लिहून ठेवते.

व्हॉइट गुरुवारच्या दौडीची आखणी सांगत होता. खऱ्या घोड्यांनिशी गाडी घळीतल्या उतारावरून सुटणार, कॅमेऱ्याची मोटार डाव्या बाजूने, अगदी लगटून. म्हणजे डावा हात समोर. आधीच्या शॉटमध्ये कॅस्टेल हाताला वेढे देऊन सिगारेट ओढतोय, तर या हाताकडे लोकांचं लक्ष असणारच. व्हॉइटने विचारलं, "व्हर्ना, ते वेढे?"

"तीन. जुळायलाच हवेत," मी म्हणाले. वहीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

सगळे पांगल्यावर लेविट आला. टोपी हातात. "बाई, लगाम हाताला गुंडाळत नाहीत," तो म्हणाला. "बोटांत धरतात. म्हणजे घोडा पडला तर सोडता येतो. गुंडाळलेला सुटत नाही. घोड्याबरोबर हात जातो. माझ्या चुलत्याचा गेला."

मी विचारलं, मग तिथेच का नाही बोललात? तर म्हणाला, "तुम्ही बोललात ना चारचौघांत. तुमचं मी कसं खोडू?"

मला त्याचा राग आला. खोडायला हवं होतं.

जाता जाता विचारत होता, उद्या चर्चनंतर त्याच्या मुलीकडे जेवायला येईन का. मी म्हटलं, रविवारी मला वह्या स्वच्छ लिहायच्या असतात. हे खरंच आहे.

सोमवार, १६ ऑक्टोबर

काल दिवसभर एका पानावर बसले होते. एकच उपाय दिसतो. कॅस्टेलने तो शॉट पुन्हा द्यावा, लगाम बोटांत धरून. सिगारेट ओढावी, वाक्यही म्हणावं, हवं तर शीळ घालावी. फक्त वेढे नकोत.

सकाळी व्हॉइटकडे गेले. त्याने ऐकून घेतलं, मग माझ्या खांद्यावर थोपटलं. "बरोबर आहे तुझं. विचार त्याला."

"मी?"

"तूच म्हणालीस ना, जुळायला हवं?"

दुपारभर जीव टांगणीला. कॅस्टेल एक तास उशिरा आला, दोन शॉट देऊन गेला. विचारायला जागाच मिळाली नाही. उद्या नक्की.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

गेले. त्याच्या गाडीघराच्या पायऱ्या चढून आत गेले, हे तरी लिहिते.

आत पाचहीजण स्पॅगेटी खात होते. वेगासहून विमानाने आणवलेली, टोमॅटोच्या रश्शातल्या खिम्याच्या गोळ्यांसकट. सॉल पिंकर्टने उठून मला खुर्ची दिली. कॅस्टेल म्हणाला, "या मास्तरीणबाई, बसा. काय चुकलं आमचं?" चेहरा हसरा होता. डोळ्यांखाली काळं होतं. हा माणूस झोपतो कधी?

मी तोंड उघडलं. ती बसने घरी गेलेली बाई मला समोर दिसली, बॅग मांडीवर घेऊन बसलेली, आणि तिचं तोंड माझं होतं.

"दृश्य ९१ मध्ये टोपी घालणार की हातात धरणार?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

"हातात," मी म्हणाले, आणि आभार मानून बाहेर आले.

तो थकलेला होता. जेवणाची वेळ होती. पाच माणसांसमोर असलं बोलणं बरं दिसलं नसतं. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण नाही. मी घाबरले. बावीस वर्षं मी माझी वही छातीशी धरून हिंडले, आणि तिच्याआड मीच लपले होते हे आज कळलं.

बाहेर लेविट घोड्यांना पाणी पाजत होता. त्याच्याकडे बघायचं धाडस झालं नाही, तशीच पुढे गेले.

बुधवार, १८ ऑक्टोबर

सुचलं! पहाटे दात घासताना सुचलं. खोटा पट्टा. चित्रीकरणाच्या वस्तू सांभाळणाऱ्या सामानवाल्याकडून तसल्याच कातड्याचा हातभर तुकडा कापून घेतला. तो डाव्या हाताला गुंडाळायचा, आणि खरे लगाम त्याखालून बोटांत मोकळे धरायचे. धुळीत आणि वेगात कुणाला कळणार?

लेविटने गुंडाळून बघितला, मूठ उघडली, मिटली. "चालेल," म्हणाला. मग म्हणाला, "माझ्यासाठी फार खटपट केलीत, बाई. काल बघितलं मी."

काय बघितलं कोण जाणे. काल मी वही घेऊन नुसतीच इकडून तिकडे हिंडत होते, तेच असेल. मी म्हटलं, माझं कामच आहे ते.

आज भूक लागली. रविवारनंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

जसं घडलं तसंच लिहिणार आहे. 

पाचजणांचं आज काम नव्हतं, ते आले नाहीत. गाडीत मागे पिंपं आणि चार पुतळे. पुढे बसलेला लेविट एकटाच जिवंत माणूस. त्याच्या अंगावर कॅस्टेलचं निळं जाकीट, डाव्या हाताला खोटा पट्टा. मी कॅमेऱ्याच्या मोटारीत, व्हॉइटच्या शेजारी.

पहिली दौड तीन वाजून वीस मिनिटांनी. चार घोडे चौखूर, मागे धुळीचा लोट, गाडी एका वळणावर दोन चाकांवर आली आणि त्याने ती नुसत्या मनगटाने खाली बसवली. असं हाकणं मी कधी पाहिलं नाही. खाली सपाटीवर थांबला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या न वाजवणारी मी एकटी. अर्ध्या वाटेवर त्या खोट्या पट्ट्याचं टोक अंगठ्याखालून निसटलं होतं. उरलेला उतारभर ते चिंधीसारखं फडफडत होतं, कॅमेऱ्याच्या ऐन समोर.

व्हॉइट माझ्याकडे वळला. हजार वेळा विचारलेला प्रश्न. "व्हर्ना, जुळतंय?"

मी नुसतं "हो" म्हटलं असतं तर भागलं असतं. ती चिंधी बघितलीच होती कुणी? माझ्याखेरीज कुणीच नाही.

"नाही," मी म्हणाले. "टोक सुटलंय."

ते माझ्या तोंडातून निघालं, झोपेत कूस बदलावी इतक्या सहज. लगेच म्हणाले, पण हरकत नाही, असू दे. पण व्हॉइट सामानवाल्याला हाका मारत होता. सामानवाला म्हणाला, पट्टा शिवावा लागेल, अर्धा तास. घळीतलं ऊन पंधरा मिनिटांत जाणार होतं. उद्या कॅमेऱ्याची मोटार दुसऱ्या कंपनीकडे जायची होती. व्हॉइट बोटांनी कपाळ चोळत उभा राहिला.

लेविट हे सगळं गाडीवरून ऐकत होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही. व्हॉइटने नाही, मीही नाही, हे शपथेवर सांगते. त्याने तो तुकडा सोडून खाली टाकला. मग खरे लगाम घेतले आणि डाव्या हाताला गुंडाळले. आतून बाहेर, तीन वेढे, टोक अंगठ्याखाली. बरोबर तसंच. मग माझ्याकडे बघून विचारलं, "असंच ना, बाई?"

मी मान हलवली. नकारार्थी हलवली, असं मला वाटतं. ते त्याला कसं दिसलं ते माहीत नाही. त्याने गाडी वर वळवली होती.

दुसरी दौड तीन एकेचाळीसला. वळणाच्या आधी डावीकडची पुढची घोडी गुडघ्यावर आली.

त्याचा हात जाताना मी पाहिला. घोडी पडली तिकडे आधी हात गेला, मग तो. तीस फूट फरपटला. गाडी उलटली नाही, घोडे आपणहून थांबले. तो उठून बसला आणि हाताकडे न बघता म्हणाला, "घोडीचा पाय बघा आधी."

घोडीला काही झालेलं नाही.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

दोन बोटं काढली. अंगठा राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. डावा खांदा मोडलाय.

व्हॉइट म्हणाला, अपघात कुणाच्या हातात असतात?

मंगळवार, २४ ऑक्टोबर

तीन दिवस पाऊस होता, काम बंद. दवाखाना चाळीस मैलांवर. मोटार मागता आली असती. मागितली नाही.

आज पाचजण आले. कॅस्टेल थेट व्हॉइटकडे गेला. आवाज चढलेला नव्हता, पण आजूबाजूची माणसं आपोआप मागे सरली. "त्या माणसाचा हात माझ्या फाजीलपणापायी गेला, हे मला दवाखान्यात कळतंय," तो म्हणाला. "दोनदा गेलो. मला तो भेटतच नाही, भिंतीकडे तोंड करतो. मला कुणी सांगितलं का नाही?"

व्हॉइट म्हणाला, तू एकच टेक देतोस, सगळ्यांना ठाऊक आहे.

"दुसऱ्यात मी वाईट असतो म्हणून एकच देतो. हातापेक्षा ते मोठं आहे का? नुसतं सांगितलं असतंत तर झक मारत दिला असता."

"आणि ती बाई?" हे माझ्या तोंडून गेलं. "बसने घरी पाठवलेली?"

तो माझ्याकडे वळला. क्षणभर त्याला कोण ते आठवेना. "ती? तिचा बाप अत्यवस्थ होता. तीच रजा मागत होती," तो म्हणाला. खरं-खोटं त्याला ठाऊक. व्हॉइट आपल्या बुटांकडे बघत होता.

मग कॅस्टेल गाडीवर चढला. लेविटचा मेहुणा आता घोडे हाकणार आहे, त्याला त्याने विचारलं, लगाम धरतात कसे, दाखव. शिकला. बोटांत धरले, दातांत सिगारेट धरली, तेच वाक्य म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही, पण शॉट चांगला झाला.

मी नेहमीप्रमाणे वेळ टिपली. दृश्य ८७, दुसरा टेक. सुरुवात दोन वाजून चार मिनिटं, शेवट दोन वाजून पंधरा. अकरा मिनिटं.

बुधवार, २५ ऑक्टोबर

आज गेले. सामानवाल्याची गाडी मागितली, त्याने लगेच दिली. मागितलं की लोक देतात, हे मला या वयात कळतंय.

दवाखान्याच्या दारात ऑरिन लेविटची मुलगी लाव्हेल भेटली. मी नाव सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बंद झाला. "बाबांनी आयुष्यात कधी लगाम गुंडाळला नाही," ती म्हणाली. "मी लहानपणी एकदा गुंडाळला तर मला गाडीवरून खाली उतरवलं होतं, घरापर्यंत चालवत नेलं होतं. तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

मी म्हटलं, मी फक्त म्हणाले की जुळत नाही.

ती दारातून बाजूला झाली. "ते रोज विचारतात तुम्ही आलात का," ती म्हणाली. हे तिला सांगायचं नव्हतं, हे कळत होतं.

ऑरिन उशांना टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डावा हात पांढऱ्या गाठोड्याएवढा. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, बसा हो. शॉट पुन्हा दिल्याचं सांगितलं. त्याच्या कपाळाची शीर उठली.

"आता दिला का," तो म्हणाला. "तुम्ही गेलात तेव्हा नाही म्हणाला. मी बघितलं होतं तुम्हाला त्याच्या पायऱ्या चढताना. बाहेर आलात तेव्हा चेहरा पांढराफटक होता. म्हटलं, हिला हा माणूस काहीतरी बोललाय. माझ्यासाठी गेली आणि बोलणी खाऊन आली. आता पुन्हा हिच्यावर पाळी आणायची नाही." त्याने डावा हात जरा उचलला. "नाहीतर मी गुंडाळतोय होय?"

मला काहीच बोलायची गरज नव्हती. तसंच राहू दिलं असतं तर राहिलं असतं. त्याच्या मनात मी शूर बाई होते. असं माझ्याबद्दल याआधी कुणाला वाटलेलं नाही. ते हातचं जाऊ द्यायला मला किती जड गेलं, हे लिहायची लाज वाटते.

"मी विचारलंच नाही," मी म्हणाले.

त्याला कळलं नाही.

"आत गेले आणि टोपीबद्दल विचारलं. मला भीती वाटली. कॅस्टेल नाही म्हणाला नाही, ऑरिन. त्याला माहीतच नव्हतं. तो दोनदा तुम्हाला भेटायला आला, त्याचा काही दोष नाही. माझा आहे."

तो खिडकीकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. मी रडले, आवाज न करता, पण रडले. त्याने वळून बघितलं नाही. मग म्हणाला, "लाव्हेलला सांगा, तो गायक आला तर आत पाठव."

"सांगते."

"आणि तुम्ही जा आता."

मी उठले. दार उघडलं, तेव्हा मागून म्हणाला, "हे सांगायला चाळीस मैल आलात?"

त्या आवाजात राग होता की आणखी काही, मला कळलं नाही. विचारावंसं वाटलं, आणि सवयीप्रमाणे विचारलं नाही. जिना उतरून खाली आले, गाडीत बसले.

सॉरेल क्रीकमधलं माझं काम संपलंय. कंपनीची बस उद्या सकाळी सातला लॉस एंजेलिसला निघते. मी यादीतून माझं नाव काढून घेतलंय. दवाखान्यात भेटीची वेळ दहाची आहे. सामानवाल्याला गाडी पुन्हा मागितली आहे. दहा वाजता जाणार आहे आणि विचारणार आहे.